शाळेतलं वय, घरचं वय

१ जुलै, मंगळवार

आज माझा वाढदिवस. म्हणजे सरकारी. बासष्ट पूर्ण. आधार, पॅन, पेन्शन, सगळीकडे हीच तारीख. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस आजच असतो, कारण नाव घालायला आलेल्या प्रत्येकाला गुरुजींनी १ जुलै लावून टाकला. शाळा तेव्हाच उघडायची. सकाळपासून ग्रुपवर सगळे एकमेकांना हॅपी बर्थडे म्हणून राहिले. केक कोणीच पाठवत नाही.

विपुलने घड्याळ दिलं. हृदयाचे ठोके मोजतं. पोरगा बापाची काळजी करतो, बरं वाटलं. मग वाटलं, काळजी काहून करतो? त्याला काही दिसलं का?

घड्याळाला जन्मतारीख लागते. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, की हृदय जास्तीत जास्त किती पळू शकतं ते निघतं. त्याच्या जवळपास गेलं की घड्याळ वाजणार. मी आधारवरची तारीख टाकली.

घरचं वय वेगळं आहे. ते कुठंच लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण ही वही माझी आहे. गुरुजींनी तीन वर्षं कमी लावली, नोकरीला बरं पडेल म्हणून. पडलंही. जिल्हा परिषदेत तीन वर्षं फुकटची खाल्ली. पण आई म्हणायची, वामन पोळ्याच्या करीचा, साठ सालचा. म्हणजे येत्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पासष्ट पूर्ण करतो.

बाबा पासष्टाव्या वर्षी गेले. बार्शीटाकळीच्या वावरात. डिझेल इंजिनाचं हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, बाबा बांधावर टेकले. इंजिन चालू राहिलं, बाबा बंद झाले.

मला भीती वगैरे वाटत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे फिरणे.

३ जुलै, गुरुवार

काल पाऊस होता. म्हणजे ढग होते.

आज अब्दुल रहीमसोबत मैदानावर गेलो. रहीमभाई इथल्या, अमरावतीच्या, इतवारा बाजारातले कापडवाले, दुकान आता मुलांकडे. वयाने माझ्याएवढेच. कोणत्या वयाने, ते मी विचारलं नाही. ते गप्पा मारत चालतात, मी व्यायाम म्हणून चालतो. त्यांना दाखवायला शेवटच्या फेरीत पळालो. घड्याळ वाजलं. आजूबाजूच्या बाया वळून पाहायला लागल्या. मी फोन आल्यासारखं मनगट कानाला लावलं आणि हॅलो म्हणालो.

घरी येऊन पेपर वाचला. शेवटच्या पानावरचे फोटो आधी पाहतो, ओळखीचं कोणी आहे का म्हणून. वय ६१. वय ७४. वय ६५. चहा थंड झाला.

६ जुलै, रविवार

एकादशी अन् दुप्पट खाशी. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. छातीत जड. गॅस.

गॅसच आहे. सुभद्राला सांगितलं नाही. सांगितलं की ती विपुलला सांगते, विपुल डॉक्टरला, डॉक्टर आणखी कोणाला.

९ जुलै, बुधवार, दुपारी

अकोल्याहून अमोलचा फोन. अमोल माझ्या मोठ्या भावाचा मुलगा, भाऊ आता नाही. त्यांच्या मंडळाची कावड आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणायचं आणि अकोल्याच्या राजेश्वराच्या पिंडीवर घालायचं. रात्रभर अनवाणी चालायचं. तो म्हणाला, काका, यंदा या. त्याचा अर्थ बहुतेक दर्शनाला, जेवायला या, असा होता. पण माझ्या तोंडून निघून गेलं की मी खांदा देतो, थेट नदीपासून देवळापर्यंत.

मग अमोल म्हणाला, पाहू न काका.

विचार केल्यावर पटलं की हे उत्तम झालं. कावड सोमवारी, पोळा त्याच आठवड्यात शुक्रवारी, कर शनिवारी. जे हृदय सतरा-अठरा किलोमीटर कावड वाहतं, ते चार-पाच दिवसांत बंद पडत नाही. करीच्या आधी सिद्ध करून टाकायचं, म्हणजे सुटलो. बाबांनी सराव न करता एकदम हँडल मारलं, तिथं चूक झाली. मी सराव करणार आहे.

१४ जुलै, सोमवार

सराव सुरू. बांबूला दोन टोकांना पाण्याच्या दोन कॅन बांधून गच्चीवर फेऱ्या. उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग, असं सुभद्रा खाली धुणं वाळू घालता घालता म्हणाली. तिला यातलं कळत नाही.

तिसऱ्या फेरीला घड्याळ वाजलं. चौथ्या फेरीलाही. पाचवी घेतली नाही, कॅन गळत होती.

घड्याळात दोष असावा. चांगल्या माणसाला घाबरवणारं यंत्र काय कामाचं? सेटिंगमध्ये गेलो आणि जन्मसाल त्रेसष्टचं त्र्याहत्तर केलं. हे खोटं नाही. गुरुजींनी तीन वर्षं कमी केली होती, मी दहा केली. पद्धत तीच.

आता वाजत नाही.

२० जुलै, रविवार

पाच दिवस सराव नाही. कारणे: मंगळवारी पाय, बुधवारी पाऊस, गुरुवारी मन नाही, बाकीचे दोन दिवस पेन्शनच्या कामात गेले. हृदयाला विश्रांतीही लागते.

आज मालटेकडी. पायऱ्या चढलो. निम्म्यात डोळ्यांपुढे काजवे. घड्याळ पुन्हा वाजलं. त्र्याहत्तरचं त्र्याऐंशी केलं, तिथंच पायरीवर बसून. घामाने बोट घसरलं आणि चुकून ब्याण्णव झालं. राहू दिलं. विपुलपेक्षा मी आता दोन वर्षांनी लहान आहे.

रहीमभाई खालीच थांबले होते, फुटाणे खात. उतरल्यावर मी त्यांना घड्याळाची युक्ती सांगितली. त्यांनी दोन फुटाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "वामनराव, घडी को कायको झूठ बोल रहे? उसको क्या फरक पडता?"

दिवसभर हे वाक्य डोक्यात. माणूस चांगला आहे, पण बोलताना विचार करत नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावण सोमवार. उपास. निरंकार उपासात जोर करू नये असं कुठंतरी वाचलं आहे. वाचलं नसेल तरी बरोबर आहे.

दुपारी झोपताना डाव्या कुशीवर झालो की ठोके उशीतून ऐकू येतात. मोजत बसलो. मधेच एक ठोका चुकला असं वाटलं. मग सगळेच चुकताहेत असं वाटलं. उठून उजव्या कुशीवर झालो. उजवीकडून ऐकू येत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

अमोल गोदाबाईची राखी घेऊन आला. गोदाबाई म्हणजे माझी मोठी बहीण, अकोल्यात अमोलकडेच राहते. तिनेच मला कडेवर वागवलं.

अमोलला घेऊन मालटेकडी चढलो. त्याच्याकडेही असंच घड्याळ. वर पोचल्यावर दोघांचे आकडे पाहिले. त्याचे ठोके एकशे अठ्ठ्याहत्तर. माझे दीडशेच्या आतच. मी किती रेटलं तरी त्याच्या वर हलले नाहीत.

मला फार आनंद झाला. चौतीस वर्षांचा गडी, आणि त्याचं हृदय कसं घाबरंघुबरं होऊन पळतं. माझं आपल्या जागी ठाम. याला शिस्त म्हणतात. तीस वर्षं ऑफिसात मीही कधी घाई केली नाही.

आणखी एक. अमोलचे ठोके पाण्याची बाटली उघडेपर्यंत खाली आले. माझे आम्ही खाली उतरून, चहा पिऊन, गाडीला किक मारेपर्यंत वरच. याचा अर्थ माझं हृदय हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही.

अमोलने विचारलं, काका, तुमचे ओठ असे काहून दिसून राहिले? मी म्हणालो, जांभूळ खाल्लं. आत्ता आठवलं, जांभळांचा मोसम गेला. त्याला कळलं नसावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भीती वाटते. एकदा लिहून टाकतो.

आज आंघोळीनंतर अंग पुसता पुसता दम लागला. अंग पुसण्यात काय जोर आहे? टॉवेल घेऊन पलंगावर बसलो आणि समोरच्या भिंतीवरचा बाबांचा फोटो पाहिला. त्या फोटोतही ते बसलेलेच आहेत.

सुभद्राने दारातून विचारलं, काय झालं. मी म्हणालो, कावडीचा विचार करून राहिलो. ती आत आली, टॉवेल घेतला आणि माझी पाठ पुसून दिली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

कावड रद्द करावी का? नाही. रद्द केली तर करीच्या दिवशी काय दाखवणार?

१६ ऑगस्ट, शनिवार, अकोला

एसटीने आलो. मूर्तिजापूरपर्यंत उभं राहून, सराव म्हणून. मग एका मुलीने जागा दिली. आजोबा म्हणाली. बसलो.

गोदाबाईने सगळी तयारी केली आहे. कावडीची पोरं देवळाजवळ आली की ती दरवर्षी परात आणि कळशी घेऊन रस्त्यावर बसते आणि त्यांचे पाय धुते. यंदा आपल्या भावाचे पाय धुवायचे म्हणून तिने परात राखेने घासून ठेवली आहे. शेजारच्या बायांनाही सांगून झालं आहे. दाखवून म्हणाली, पाह्य, कशी चमकते.

मी परातीत पाहिलं. माझं तोंड पसरट दिसलं.

१८ ऑगस्ट, सोमवार, अकोला, दुपारी

जसं घडलं तसं लिहितो. म्हणजे थोडक्यात.

काल सूर्य मावळता मावळता गांधीग्रामला पोचलो. नदीला पाणी चांगलं. मंडळाची कावड मोठी, लांब लाकडी बल्ल्यांवर मातीची भरणी, म्हणजे पाण्याचे घडे, रचलेली, फुलांनी मढवलेली, खाली वीस-पंचवीस पोरं. मला अमोलने मधे घेतलं. हर हर महादेव झालं आणि कावड उचलली. मी खांदा लावला. घाटाचा चढ, ओली पायरी, गर्दी, पोरांचा वेग. दहा पावलं झाली आणि हवा संपली. म्हणजे सगळ्यांना पुरत होती, माझ्यापुरती संपली.

मनगटावर घड्याळ थरथरलं. त्याच्या हिशेबाने मी तेहतीस वर्षांचा. त्यावर लिहून आलं होतं: छान! थोडा वेग वाढवा.

मग छातीवर कोणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. कानात डिझेल इंजिन. खरंच इंजिन, ठकठक ठकठक, अगदी बाबांचं. मला बांधावर टेकायचं होतं आणि टेकायला मी धजत नव्हतो, कारण बाबा टेकले होते. म्हणून उभाच राहिलो, पोरं बाजूने जात राहिली, कावड माझ्या डोक्यावरून पुढे गेली. मी आई म्हणालो. महादेव म्हणायला हवं होतं.

इंजिन जनरेटरचं होतं. मंडळाच्या टेम्पोवर लाइटिंगसाठी लावलेलं. अमोलने मला त्याच टेम्पोत केळीच्या क्रेटांमधे बसवलं, पाणी पाजलं आणि डॉक्टरकडे नेऊ का म्हणून तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणालो. अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला. रात्रभर केळी राखली. पोरं येत, केळी घेत, आबा बरे हाय न विचारत आणि पुन्हा खांद्याला जात.

वाटेत अमोलला म्हणालो, निदान घाटापर्यंत तरी भार वाहिला. तो बराच वेळ केळं सोलत राहिला. मग म्हणाला, काका, रागावू नका, तुमी बुटके पडले. बल्ली तुमच्या खांद्याले लागलीच नव्हती.

सकाळी देवळाजवळ उतरलो. पोरांचे पाय फुटलेले, चिखलाने भरलेले. गोदाबाई परात घेऊन बसलेली, मागे शेजारच्या बाया. मला पाहून तिने पदर सावरला, कळशी उचलली, माझा पाय परातीत घेतला. पाणी पडलं. पाणी होतं तसं स्वच्छ राहिलं.

तिने वर पाहिलं. हळूच म्हणाली, बायांना ऐकू जाणार नाही असं, "वामन, तुहे पाय त कोरे हायेत रे. कुठं बसला होता तू?"

मी म्हणालो, "बाई, मले भेव लागलं."

तिने दुसरा पायही तितकाच चोळून धुतला.

२० ऑगस्ट, बुधवार, अमरावती

गोदाबाईने सुभद्राला फोन केला, सुभद्राने विपुलला, विपुलने डॉक्टरला. मी म्हणालोच होतो.

डॉक्टरीणबाई विपुलपेक्षाही लहान. कागदावर लिहिता लिहिता वय विचारलं. बासष्ट सांगितलं. पेन थांबलं.

"शाळेतलं की घरचं?"

म्हणजे बाई इकडच्याच. त्यांचे वडीलही एक जुलैचे असणार. मी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता.

"येत्या करीले पासष्ट पुरे," सुभद्रा बाजूच्या स्टुलावरून म्हणाली. "सांगत नाहीत. बाबाजी पासष्टात गेले म्हणून."

मला वाटत होतं, हे गुपित फक्त मला माहीत आहे. चाळीस वर्षं एका घरात राहतो आम्ही.

मग छातीला वायरी लावून पट्ट्यावर चालवलं. पट्टा हळूहळू चढा होत जातो. मी सगळ्या देवांची नावं घेतली, मग ऑफिसातल्या इंजिनिअरांची. उतरवलं तेव्हा मी शर्टाची बटणं न लावता निकालाची वाट पाहिली. ऑपरेशन, मुंबई, विपुलची रजा, ग्रुपवर माझा फोटो, कोणता फोटो, इथपर्यंत विचार पोचला होता.

बाई म्हणाल्या, आज तरी ब्लॉकेजसारखं काही दिसत नाही, पण पुन्हा छातीत तसं झालं तर केळी राखत बसायचं नाही, लगेच यायचं. रक्तदाब वाढला आहे, रोज एक गोळी. बाकी हृदय वयाला साजेसं आहे.

वयाला साजेसं. मी विचारलं, म्हणजे खास काही नाही? त्या म्हणाल्या, नाही. का कोण जाणे, जरा अपमान वाटला.

शिस्तीचाही खुलासा झाला. मी दीडशेची गोष्ट अभिमानाने सांगितली. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, वय वाढतं तशी हृदयाची वरची मर्यादा खाली येते, पैलवानाचीही येते. तरुण माणसाला जोर लागला की हृदय ठोके वाढवून भागवतं. आपल्या वयाला ठोके तेवढे वाढत नाहीत, रक्ताच्या नळ्याही ताठर झालेल्या असतात, म्हणून दम आधी लागतो. आणि एकदा वाढले की उतरायलाही वेळ लागतो. ती शिस्त नाही काका, ती मर्यादा आहे. व्यायाम सोडायचा नाही, उलट रोज करायचा, पण हळू चढवायचा, हळू उतरवायचा, एकदम सुरू नाही आणि एकदम थांबणं नाही. बोलता यावं इतपत चालायचं.

म्हणजे रहीमभाई जसे चालतात तसं. त्यांना हे कळवणार नाही.

मी बाबांचं विचारलं. हँडल मारलं आणि टेकले, एकदम थांबले म्हणून तर नाही? त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कोणी सांगू शकत नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

पुरणपोळी अर्धीच खाल्ली. उद्या कर.

रहीमभाईंना फोन करून उद्या फिरायला येणार नाही म्हणालो. कारण विचारलं नाही त्यांनी. म्हणाले, मैं घर पे आ जाता. नको म्हणालो. तरी येतील असं वाटतं. यावेत.

२३ ऑगस्ट, शनिवार, कर. तान्हा पोळा

सकाळी उठलो. म्हणजे उठलो, हेच पहिलं लिहायचं होतं.

सात वाजता गोदाबाईचा फोन. तिला करीचा वाढदिवस आठवतो, सुभद्रा सोडली तर जगात एकटीला. मला राहवलं नाही म्हणून बोललो, बाई, आज बाबांएवढा झालो. ती म्हणाली, कोन सांगतलं तुले? मी म्हणालो, त्यांच्या मयताच्या दाखल्यावर आहे, वय पासष्ट. तर ती म्हणाली:

"अरे, बाबाले कुठली जन्मतारीख? ते त शाळेतबी गेले नव्हते. मयताच्या कागदावर काय लिवू म्हणून कारकुनानं इचारलं, त दादानं पासष्ट सांगून देल्लं. साठचे असतीन, नाही त सत्तरचे. कोनाले मालूम."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा हसू आलं. ज्या आकड्याला दोन महिने घाबरलो तो दादाने, म्हणजे अमोलच्या बापाने, सुचेल तसा सांगितलेला. दहा मिनिटं फार हलकं वाटलं. मग कळलं की आकडाच नाही. ओलांडायला रेषाच नाही. आज नाही म्हणजे उद्या नाही असं नाही, परवा नाही असंही नाही. हे पासष्टपेक्षा वाईट आहे. पासष्टला निदान तारीख होती.

रहीमभाई आले. चहा घेतला, गुडघ्याचं बोलले, गेले.

संध्याकाळी नात प्राजू, विपुलची, लाकडी बैल घेऊन पोरांच्या तान्ह्या पोळ्याला निघाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला वेग म्हणून मी सोबत. बैलाला चार चाकं, त्यातलं एक वाकडं, दर थोड्या अंतरावर कलंडतो. ती थांबून उभा करते, मी थांबतो. बोलता येत होतं. श्वासही पुरला. मंडपाच्या तोंडाशी तिला मैत्रीण भेटली, दोरी माझ्या हातात देऊन ती पळाली. रांग पुढे सरकली. मागे पोरं, पुढे पोरं, मधे मी आणि बैल. बाहेर पडता येईना. तसाच स्टेजपुढून गेलो.

टेबलावरच्या मुलीने नाव विचारलं, वय विचारलं. सगळ्यांनाच विचारत होती. चार, पाच, साडेतीन. मी म्हणालो, लिही पासष्ट. तोंडातून पहिल्यांदा बाहेर पडलं ते.

माइकवरून पुकारलं: सर्वांत मोठे बालक, वामनराव, वय वर्षं पासष्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मनगटावर घड्याळ वाजलं. सकाळीच खरं साल टाकलं होतं त्यात. चढ नव्हता, भार नव्हता, मी नुसता उभा होतो.

बक्षीस मिळालं, प्लास्टिकचा डबा, सात खणांचा. प्राजूला वाटलं तिचा. सुभद्राने पाहिला आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ठेवून घेतला.